पात्यांचा संसार

२०२४ सालच्या मे महिन्यात वर्तमानपत्रात एक लहानशी बातमी आली होती. स्वित्झर्लंडमधल्या ज्या कारखान्याचे लाल मुठीचे चाकू जगभर खपतात, त्या व्हिक्टोरिनॉक्सच्या प्रमुखांनी म्हटले होते, की देशोदेशी चाकूवरचे निर्बंध वाढत चालले आहेत, तेव्हा पाते नसलेले खिशातले हत्यारही आम्ही तयार करीत आहोत. मी ती बातमी घरात मोठ्याने वाचून दाखवली. सौभाग्यवती पोळ्या लाटीत होत्या. त्या म्हणाल्या, “पातं नाही तर चाकू कसला? हे म्हणजे सारण न भरता करंजी मुरडण्यासारखंच झालं!”

आम्ही सगळे हसलो. पण त्यांचे ते बोलणे माझ्या मनातून जाईना. या अंकासाठी एखाद्या पुस्तकावर टीकालेख लिहावा असा माझा मूळचा बेत होता. मी कादंबऱ्या लिहितो आणि आमच्या गावच्या शाळेत मास्तरकी करतो. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंतच झाले; आमच्या घरात तिला अजून मॅट्रिकच म्हणतात. तेव्हा माझ्याकडून पंडिती समीक्षेची अपेक्षा वाचकांनी करू नये. पण मला वाटले, पुस्तक आपण एकदा वाचतो, फार तर दोनदा. जी वस्तू आपण बारा बारा वर्षे रोज खिशात बाळगतो, दिवसातून दहा वेळा उघडतो आणि मिटतो, तिचे गुणदोष कुणी कधी पारखायचे? म्हणून या वर्षी माझ्या टीकेचा विषय आहे अनेक पात्यांचा, जुन्या घाटाचा, खिशातला चाकू.

आधी माझ्या पूर्वग्रहाची कबुली दिलेली बरी. माझ्या खिशातला चाकू माझ्या वडिलांचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अण्णा रत्नागिरीकडे आंब्याची कलमे बांधीत. त्यांचे मामा मुंबईला गोदीत कामाला होते. त्यांनी कधीतरी हा शेफील्डचा दुपाती चाकू आणून दिला. सांबरशिंगाची मूठ, दोन टोकांना दोन पाती, एक मोठे, एक लहान. मोठे पाते साऱ्या जगासाठी होते. सुतळी कापा, फणसाचे चारखंड सोडवा, बैलाच्या खुरात रुतलेला काटा काढा, बायकांनी मागितले तर नारळाची शेंडीसुद्धा सोला. लहान पाते मात्र कलमासाठी. कोय कलमाला उगवलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा उडवून मधोमध चीर द्यावी लागते आणि हापूसच्या काडीला पाचरेसारखा दोन्ही बाजूंनी उतरता छेद द्यावा लागतो. तो छेद एका झटक्यात आणि आरशासारखा व्हावा लागतो. पाते जरा कुठे अडखळले, की दोन साली एकमेकींना धरत नाहीत आणि कलम सुकते. अण्णा त्या लहान पात्याने कधी सुतळीसुद्धा कापीत नसत. आम्हा मुलांना तर त्याला बोट लावायची मनाई होती. मोठे पाते मला वयाच्या दहाव्या वर्षी मिळाले. लहान पाते त्यांनी हयातीत माझ्या हाती दिले नाही.

अनेक पात्यांच्या चाकूचे मर्म मला वाटते याच ठिकाणी आहे. लोकांचा समज असा, की जितकी पाती जास्त तितकी कामे जास्त. ते खरे नव्हे. एक पाते राबवता यावे आणि दुसरे राखून ठेवता यावे, यासाठी दुसरे पाते असते. ज्याच्याकडे एकच पाते आहे त्याची धार सुतळीवर जाते, आणि ऐन नाजूक कामाच्या वेळी हातात बोथट लोखंड उरते.

इंग्रजीत या जातीच्या लहान चाकूला ‘पेननाईफ’ म्हणतात, कारण पिसाच्या लेखणीचे टोक त्याने तासावे लागे. आपल्याकडे बोरूची तीच गत होती. आमच्या भाषेत कलम म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे आंब्याचे रोपही. अण्णांनी एका कलमावर पोट भरले, मी दुसऱ्यावर भरू पाहतो. चाकू दोघांना एकच पुरला.

आता रचनेकडे वळू. या चाकूत कुलूप नसते. पात्याच्या बुडाशी मुठीच्या पाठीतली पोलादी कमान दाबून बसलेली असते. नखाच्या खाचेत नख घालून पाते ओढावे, की कमान उचलली जाते, थोडा विरोध करते, आणि पाते पुरते उघडले की बुडाच्या सपाट बाजूवर टक्कन बसते. मिटतानाही तोच विरोध आणि तोच टक्. अमेरिकेतले दर्दी लोक चाकूची ‘चाल आणि बोल’ पाहतात, म्हणजे पाते किती सफाईने फिरते आणि आवाज किती खणखणीत देते. गवयाच्या बैठकीत शोभावी अशी ही परिभाषा एका कापायच्या हत्याराला लावलेली पाहून मला मोठा आनंद झाला.

पण खरी कारागिरी आणखी आत आहे. मिटल्यावर दोन किंवा तीन पाती एकाच अरुंद खोबणीत शेजारी शेजारी झोपतात. सरळ ठेवली तर ती एकमेकांवर घासतील आणि धारा जातील. म्हणून कारागीर पात्याला बुडाशी अगदी किंचित वाक देतो. पाते उघडून डोळ्यांसमोर धरले तर तो वाक दिसतो, आणि अजाण माणसाला वाटते, माल सदोष आहे. तो दोष नव्हे. शेजाऱ्याला जागा करून देण्यासाठी पत्करलेला तो बाक आहे. ज्यांनी चाळीतल्या एका खोलीत सात माणसांचा संसार पाहिला आहे, त्यांना यावर जास्त सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या गुराख्यांसाठी तीन पात्यांचा ‘स्टॉकमन’ नावाचा चाकू निघाला, तो या रचनेचा उत्तम नमुना. पहिले पाते लांब आणि टोकदार, नित्याच्या कामाचे. दुसऱ्याची धार अगदी सरळ आणि टोक बोथट, दोरखंड आणि खुरे यांच्यासाठी. तिसरे आखूड, गोलसर टोकाचे; गोऱ्ह्याचा बैल करताना जनावराला भलतीकडे टोचू नये म्हणून ते तसे. तीन कामे, तीन आकार, आणि प्रत्येक आकाराला कारण आहे. बिनकारणाची एक रेषाही त्यात नाही. आज शहरात तो बाळगणारा माणूस तिसऱ्या पात्याने पावाला लोणी लावतो, तो भाग निराळा.

याच्या उलट टोकाला शेफील्डचे शोभेचे चाकू. जोसेफ रॉजर्स आणि मंडळींनी १८२२ साली १८२२ पात्यांचा चाकू केला आणि पुढे सनाबरोबर त्यात पाती वाढवीत नेली. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनासाठी त्यांनीच ७५ पात्यांचा प्रचंड चाकू केला; मूठ मोत्यांच्या शिंपल्याची, पात्यापात्यांवर कोरलेली चित्रे. तो अजून शेफील्डच्या कारागीर-संघाच्या वास्तूत ठेवलेला आहे. त्या हातांच्या कौशल्याला मी दंडवत घालतो. पण चाकू म्हणून मला तो मान्य नाही. तो कुणाच्या खिशात मावत नाही आणि त्याने कुणी पेरू कापलेला नाही. आमच्यात म्हण आहे, एक ना धड भाराभर चिंध्या. या तर रेशमी चिंध्या आहेत, इतकेच. कादंबरीकाराच्या नात्याने मी हे जरा भीत भीतच लिहितो आहे, कारण माझ्या पहिल्या कादंबरीत पात्रे अशीच झाली होती. पुष्कळ आणि चकचकीत, कामाला एकही नाही.

योगायोग असा, की त्याच १८५१ साली हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्या गलबतावर एक सुतार आहे. त्याला सगळी कामे येतात. दात उपटण्यापासून कप्तानाचा पाय बनवण्यापर्यंत. मेलव्हिल त्याला शेफील्डच्या बहुगुणी खिशातल्या चाकूची उपमा देतो. ज्याला जे हत्यार हवे त्याने या माणसाचा तेवढा भाग उघडावा आणि काम करून घ्यावे! वाचताना आपण हसतो, पण मग ध्यानात येते, की माणूस निव्वळ उपयोगी पडू लागला म्हणजे त्याच्यातला माणूस कुठे जातो, असे त्या उपमेमागून लेखक आपल्याला विचारतो आहे. चाकूला बहुगुणी म्हणणे ही स्तुती. माणसाला तेच म्हणणे ही कधी कधी कीव असते. आमच्या घरोघरच्या बायकांना हा भेद पुस्तक न वाचता कळतो.

स्विस चाकूची गोष्ट या दोहोंच्या मधली. १८८४ मध्ये कार्ल एल्सनरने श्वीझ परगण्यातल्या इबाख गावी आपला कारखाना थाटला. स्विस सैन्याला सैनिकासाठी असा चाकू हवा होता, की ज्याने डबा उघडावा आणि नव्या बंदुकीचे स्क्रूही फिरवावेत. एवढा माल पुरवील असा कारखानदार तेव्हा त्या देशात नव्हता, म्हणून पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगनहून आणावे लागले. १८९१ मध्ये एल्सनरने आपले चाकू सैन्याला दिले. पण तो चाकू जड होता. मग त्याने एकाच कमानीवर दोन्ही बाजूंची पाती तोलण्याची युक्ती काढली आणि १२ जून १८९७ रोजी हलक्या ‘अधिकाऱ्याच्या चाकू’ची नोंद केली. आईचे नाव व्हिक्टोरिया. ती १९०९ मध्ये वारल्यावर त्याने तिचे नाव मालाला दिले. १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद आले तेव्हा त्याचे फ्रेंच नाव ‘इनॉक्स’ आईच्या नावाला जोडले, आणि व्हिक्टोरिनॉक्स झाले. मातेच्या आणि पोलादाच्या नावांची ही संधी मला मराठी शिकवताना फार उपयोगी पडते.

या चाकूचा गुण म्हणजे काटकसर: एक कमान आणि चार-सहा कामे. दोष त्याच्या थोरल्या भावंडांत दिसतो. तीस-तीस हत्यारांचे जाड ठोकळे निघाले, खिशाला भोके पडू लागली, आणि मासा साफ करायचे हत्यार ज्याच्या खिशात आहे त्याने मासळीबाजार कधी पाहिलेला नसतो. आमच्या कोकणातली विळी याहून शहाणी. एका पाटावर पाते, पात्याच्या शेंड्याला नारळ खवायची खवणी. दोन कामे, आणि दोन्ही रोजची. चंचीला अडकवलेला चांदीचा जुडगाही तसाच: दातकोरणे, कानकोरणे, चिमटा. आपल्या आजोबांना परदेशी चाकूचे कौतुक वाटले असेल, पण कल्पना त्यांना नवी नव्हती. जगालाही ती नवी नाही. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातले, अठराशे वर्षांच्या आसपासचे, चांदीचे एक घडीचे हत्यार आहे. त्यात चमचा, काटा, टोचा आणि पाते, सारे एका मुठीत मिटते.

आता जुन्या चाकूचे दोष. ते मी लपवणार नाही. पाते उघडताना नख मोडते. कुलूप नसल्यामुळे उलटा दाब पडला तर पाते बोटावर मिटते. माझ्या तर्जनीवर त्याची सही आहे. जुने पोलाद कैरी कापली की काळे पडते आणि आमच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळी दिवसांत गंजते. खोबणीत खिशातला कचरा साठतो. आजचे एका हाताने उघडणारे आणि कुलूप लागणारे चाकू या सगळ्यांत सरस आहेत. झाडावर चढलेल्या माणसाला किंवा होडीत एका हाताने दोर धरलेल्याला मी तोच चाकू सुचवीन.

मग जुन्याची ओढ कसली? मला वाटते, तो उघडायला दोन हात लागतात, याची. दोन हात लागतात म्हणजे हातातले दुसरे काम खाली ठेवावे लागते. रागाच्या भरात तो झटकन उघडत नाही. त्याला कुलूप नाही, म्हणून तो भोसकायच्या कामाचा नाही, आणि कापतानाही आपण जपून कापतो. इंग्लंडच्या कायद्याने हा भेद ओळखला आहे. तिथे १९८८ च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू कारण न सांगता जवळ बाळगता येतो. कुलूप लागणाऱ्याला ती मोकळीक नाही.

पण ही सारी युक्तिवादाची भाषा झाली. तीन वर्षांपूर्वी शाळेत एक प्रसंग घडला, आणि त्याने माझी परीक्षा घेतली. आठवीतल्या एका मुलाच्या कंपासपेटीतून दुपाती चाकू खाली पडला. तो त्याने साऱ्या वर्गाच्या पेन्सिली तासत असे. शाळेत चाकू आणायचा नाही हा नियम आहे, आणि तो योग्य आहे. मी चाकू काढून घेतला, कागदात गुंडाळून सुतळीने बांधला, टेबलाच्या खणात टाकला आणि घरी चिठ्ठी पाठवली.

दुसऱ्या दिवशी मुलाचे आजोबा आले. डोक्याला मुंडासे, पायांत धुळीने भरलेल्या वहाणा. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, “मास्तर, चाकू द्या, नका देऊ. पण पोराला वंगाळ समजू नका. म्या दिलाय त्याला. शाळंत नेऊ नगंस, हे सांगायचं राहिलं. चूक माझी हाय.”

मी म्हटले, “आजोबा, तुमच्या हाती देतो.” खणातून पुडके काढले. सुतळीची गाठ घट्ट बसली होती. बारा वर्षांची सवय. माझा हात आपोआप खिशात गेला, अण्णांचा चाकू निघाला, टक्कन उघडला आणि सुतळी तुटली. म्हातारा माझ्या हाताकडे पाहत राहिला. मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. बोलला काही नाही. आपला चाकू कनवटीला लावला, नमस्कार केला आणि गेला. दाराशी तो मुलगा उभा होता. त्यानेही पाहिले होते.

मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला त्याची मावसबहीण मेरी साडेबारा सेंटांचा बार्लो चाकू देते. त्या १८७६ सालच्या पुस्तकात लेखक सांगतो, की तो चाकू काहीच कापीत नव्हता, तरी टॉमचा आनंद गगनात मावेना. तो कपाटावर ओरखडे काढतो आणि दुसऱ्या सामानाकडे वळणार, तोच रविवारच्या शाळेसाठी कपडे करायला त्याला बोलावणे येते. वर्गात हा भाग मी मुलांना अनेकदा सांगितला आहे आणि मुले खदखदून हसली आहेत. त्या दिवसानंतर तो सांगताना माझी जीभ जरा अडखळते. मोठ्या माणसाने मुलाच्या हाती चाकू दिला, याचा अर्थ मुलाच्या लेखी एकच असतो: माझ्यावर विश्वास टाकला. मी तो विश्वास खणात टाकला होता, आणि माझ्या खिशातला तसाच राहू दिला होता.

त्या दिवसापासून शाळेत जाताना माझा चाकू घरी देवघराशेजारच्या कोनाड्यात असतो. नियम मुलांना आणि सूट मास्तरांना, हे चालायचे नाही. सुटीच्या दिवशी तो खिशात येतो.

म्हणून पाते नसलेल्या चाकूची बातमी वाचून मी एल्सनरांच्या वंशजांना बोल लावीत नाही. २००१ च्या सप्टेंबरनंतर विमानात चाकू नेण्याची बंदी आली, त्यांची विक्री कोसळली, तरी त्यांनी कामगारांना घरी बसवले नाही. विमानात, शाळेत, गर्दीत चाकू नको, हे बरोबरच आहे. पण ज्या जागी चाकू नको तिथून तो काढता काढता, ज्या जागी तो हवा त्या घरातूनही आपण तो काढू लागलो आहोत. पेन्सिलीला यंत्र, फळाला कापून ठेवलेला डबा, आकाशकंदील बाजाराचा. मुलांना धारेची ओळखच होत नाही. मग एखादे दिवशी धार त्यांना भलत्या ठिकाणी भेटते. माझे टीकाकाराचे मत विचाराल तर ते एवढेच आहे, की पाते काढून घेणे सोपे. पाते जपून वापरायला शिकवणे हे घराचे काम आहे, आणि ते दुसरे कुणी करणार नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही कंदील घरी करायचा ठरवला. मी बांबूच्या कामट्या मोठ्या पात्याने तासल्या. धाकटी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती रंगीत कागदाच्या झिरमिळ्या कापायला बसली. कात्री सापडेना. तिने माझ्याकडे पाहिले. मी चाकू मिटला आणि तिच्या हातात दिला. उघडा चाकू कुणाच्या हाती द्यायचा नाही, हा अण्णांचा नियम होता. ती मोठे पाते शोधू लागली. मी म्हटले, “ते नको. कागदाला लहान घे.”

तिला नख लावून ते उघडेना. दोनदा सुटले. मी हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा उघडले. तासाभराने कंदील झाला. कागदावरच्या कडा काही सरळ नव्हत्या, पण तो लागला. मग तिने पाते फडक्याने पुसले, हळूच मिटवले आणि मिटलेला चाकू माझ्या हातात दिला.